वाकडीचा भुंगा

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि महिन्यातून एकदा सहीपुरतं बाहेर यायचं. एरवी सगळी बाग त्याला भुंगा म्हणायची. सरकारी बागेच्या मागच्या अंगाला एक लांबट काचघर होतं, त्यात एकाच जातीच्या फुलझाडांच्या दीडशे कुंड्या होत्या, आणि त्या फुलांवर ना माशी बसत होती ना पाखरू. बसणार कुठून? मध्ये काच होती. म्हणून जे काम जगभर पाखरं फुकटात करतात, ते करायला बागेने एक माणूस पगारावर ठेवला होता. एका फुलातले पराग कुंचल्यावर घ्यायचे, दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचे, देठाला लाल दोरा बांधायचा, की पुढचं फूल. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. "रोज लग्नं लावतोस आणि एकाही लग्नात जेवण नाही," असं माळी त्याला चिडवायचे, आणि तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

फुलाला शास्त्रातलं लांबलचक नाव होतं, पण बागेत सगळे त्याला वाकडी म्हणत, कारण त्याची लालभडक नळी कोयत्यासारखी वाकलेली होती. का वाकलेली, ते थोरल्या साहेबांनी त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. साहेब म्हणजे बागेचे तेव्हाचे मुख्य. शिपायाशीही तासभर बोलत बसणारा माणूस, त्यामुळे वरच्यांच्या कधीच मर्जीत नव्हते.

"डोंगरावर एक पक्षी आहे," साहेब म्हणाले. "शिंजिराच्या जातीतला. त्याची चोच अगदी अशीच वाकडी. फूल लाल का? पाखराला लाल रंग लांबून दिसतो. वास का नाही? पाखराला वासाशी काय देणंघेणं! तळाशी मध, पाण्यासारखा पातळ आणि पोटभर. तो प्यायला पक्षी चोच तळापर्यंत घालतो, तेव्हा त्याचं कपाळ नेमकं या वरच्या ओठाखाली येतं. ओठाच्या आत पराग दडवलेत. कपाळाला पिवळा ठिपका लागतो, तो पुढच्या फुलाला पुसला जातो. एकमेकांच्या मापाने शिवलेत दोघं. हजारो वर्षं लागली असतील शिवायला."

पण तो डोंगर त्याआधीच खाणवाल्यांनी दगडासाठी पोखरायला घेतला होता. साहेबांनी सुरुंग लागायच्या आधी बारा रोपं पोत्यात घालून खाली आणली होती. बाकीची डोंगरावरची वाकडी संपली.

"पक्षी अजून आहे तिथे, दुसऱ्या फुलांवर कसंबसं भागवतोय," साहेब म्हणाले. "खाण आज ना उद्या बंद होईल. मग ही परत जाईल. तोवर पक्षी तू."

सत्तावीस वर्षांच्या पोराला असं कोणी काही सांगू नये. तो ते मनावर घेतो. भुंग्याने घेतलं. साहेबांच्या खोलीत त्या पक्ष्याचं रंगवलेलं चित्र होतं, ते बघायला तो काही ना काही निमित्त काढून जायचा. साहेब निवृत्त झाले, मग वारले, चित्र कोणीतरी घरी नेलं. त्याच्या डोक्यातून मात्र ते हललं नाही. आयुष्यात त्याने एकच गोष्ट मागितली होती: त्या पक्ष्याने आपल्या वाकडीत चोच घातलेली एकदा, या डोळ्यांनी बघायची.

काम तो चोख करायचा. नको इतकं चोख. कुंचला त्याने स्वतः बनवला होता, खारीच्या शेपटीचे केस बारीक बांबूच्या काडीला बांधून. फळ धरलं की त्यावर मलमलीची छोटी पिशवी चढवायची, म्हणजे पिकून तडकल्यावर बी सांडत नाही. त्या पिशव्या त्याची बायको घरी शिवायची, अंगठ्याएवढ्या, नाडीसकट. "बाहुलीची झबली शिवतेय म्हणून शेजारणी विचारतात, कितवा महिना," असं ती म्हणायची.

पण पहिल्याच हंगामात काचघरात आक्रीत झालं. वाकडीचा मध पिणारं कोणी नाही, त्यामुळे तो नळीतून ओसंडून पानांवर गळायला लागला. पानं चिकट झाली, चिकटावर काळी बुरशी चढली, मुंग्या आल्या, मुंग्यांच्या पाठोपाठ माव्याची कीड आली. बाराच्या बारा झाडं काजळ फासल्यासारखी दिसायला लागली आणि दोन मेलीसुद्धा. भुंगा ओलं फडकं घेऊन पान न् पान पुसत बसायचा. दुपारी पुसलं की सकाळी पुन्हा गळकं.

मग त्याच्या लक्षात आलं की सगळी झाडं सारखी गळत नाहीत. काही भडाभडा, काही थोडी, एखादं अगदी कोरडं. त्याने भरपूर गळणाऱ्यांचं नाव ठेवलं लाळगळ्या. आणि पुढच्या वर्षापासून बी धरताना लाळगळ्यांना दोरा बांधायचाच नाही असं ठरवलं. रोपांतही कोणी लाळगळी निघाली की उपटून खताच्या खड्ड्यात. याला कोणाचा हुकूम नव्हता आणि कोणाची मनाई नव्हती. त्याला विचारायला बाग तरी कुठे मोकळी होती! तशीच काही झाडं हट्टी होती. त्यांचे पराग ओठाच्या इतके आत की सरळ काडीचा कुंचला पोचायचा नाही, पाकळी फाटायची. हट्टी फुलांपाशी तो वेळ घालवत नसे. ज्यांचं तोंड मोकळं, पराग समोर आलेले, अशा शहाण्या फुलांना लाल दोरा. आणि फुलंही कशी, त्याच्या कामाच्या वेळेला, नऊच्या पुढे उमलणारी त्याला बरी वाटत. पहाटे उमलून नऊला माना टाकणारी काय उपयोगाची?

बी पेरल्यापासून फूल यायला तीन वर्षं लागत. दहा पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या. काचघर आरशासारखं झालं. वरून तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी त्याला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र दिलं, ते त्याने चौकटीत घालून घरी लावलं.

घरात तोवर दोघंच उरली होती, तो आणि त्याची मुलगी. बायको गेली तेव्हा पोर एकोणीस वर्षांची. लहानपणी ही मुलगी म्हणजे नुसता धबधबा होती. हसायला लागली की भिंतीपलीकडून शेजारी विचारायचे काय झालं म्हणून, आणि रडली तरी तेच. भुंगा दिवसभर श्वास रोखून काम करणारा माणूस, त्याला घरी आल्यावर शांतता लागायची. "पुरे गं," एवढंच तो म्हणायचा. मारलं कधी नाही, ओरडलाही नाही. फक्त ती गप्प बसली की जवळ घ्यायचा. पुढे तिला दूरच्या शहरात नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती, पत्रसुद्धा आलं होतं, आणि त्याच महिन्यात तिची आई गेली. "हे एक वर्ष राहू दे," भुंगा म्हणाला. ती राहिली. आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा काढून तिने मलमलीच्या पिशव्या शिवायला घेतल्या. एका वर्षाची सतरा झाली. दोन स्थळं आली, एक मुलगा फार बोलतो म्हणून आणि दुसरा फार लांब राहतो म्हणून परत गेला. संध्याकाळी सव्वापाचला बाबा दारात पाय ठेवायला आणि चहाला उकळी यायला एकच गाठ पडायची. "माझी पोर हूं की चूं करत नाही," असं तो माळ्यांना कौतुकाने सांगायचा. माळी मान डोलवायचे, काय म्हणणार!

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा कचेरीत एक संशोधक बाई आली. तरुण, चष्मेवाली, हातात सदा मोजपट्टी, म्हणून माळ्यांनी तिला मोजणीवाली म्हणायला सुरुवात केली. खाण बंद झाली होती, डोंगर वनखात्याकडे आला होता, आणि वाकडी परत न्यायची हे काम तिच्याकडे होतं. भुंग्याला वाटलं थोरले साहेबच परत आले. तिला त्याने कुंडी न् कुंडी दाखवली. तिने फुलं मोजली. मग कचेरीच्या कपाटातून साहेबांनी डोंगरावर गोळा करून कागदावर चिकटवलेली सुकी फुलं आणली आणि तीही मोजली.

"काका," ती म्हणाली, "ही नळी अकरा मिलिमीटरने आखूड आहे. आणि बाकही कमी झालाय."

"कुंडीतलं झाड ते बाई, कोंडलेलं. डोंगरावरची माती लागली की येईल रूपावर."

"आणि मध? सकाळी दहाला पाहिला, काही नव्हता."

"स्वच्छ जात आहे ही," भुंगा अभिमानाने म्हणाला.

तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण त्याचा चेहरा बघून गिळलं असावं. "बघू," ती म्हणाली. "लावून तर बघू. आपल्याकडे दुसरं काही नाहीच."

चाळीस रोपं डोंगरावर लागली. वर्ष काढलं त्यांनी, एकही मेलं नाही. भुंग्याच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते तेव्हा निरोप आला की कळ्या धरल्यात. मोजणीवालीने त्याच्या नावाने तीन दिवसांचा दौरा मंजूर करून घेतला. एकतीस वर्षांत त्याचा हा पहिला दौरा. मुलीने त्याला इस्त्रीचा सदरा काढून दिला, डब्यात बिस्किटं भरून दिली. दारात म्हणाली, "आला पक्षी की नीट बघा बाबा, डोळे पुसत बसाल आणि तेवढ्यात जाईल." बऱ्याच दिवसांनी तिने असा विनोद केला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, तो चपलांचा पट्टा बघत होता.

डोंगराची एक बाजू अजून खाणीने खाल्लेली होती, मोठ्या पायऱ्या पाडल्यासारखी. दुसऱ्या अंगाला रान परतलं होतं. वनरक्षकाच्या खोलीतून उजाडताच निघायचं, रोपांपासून पंधरा पावलांवर झुडपाआड बसायचं आणि बघायचं. चाळीस झाडं लालबुंद फुलली होती. भुंग्याला पोटच्या पोरीला लग्नात बघावं तसं झालं, आणि ते तो मोठ्याने बोललासुद्धा. मोजणीवाली "हळू" म्हणाली.

पक्षी होते. पहिल्याच सकाळी त्याने आवाज ऐकला, मग वर एका उंच झाडाच्या पिवळट फुलांत हालचाल दिसली. पण खाली कोणी उतरलं नाही. भुंगा बिस्किट न खाता बसून राहिला. वाकडीची फुलं नऊच्या पुढे उमलली, तोवर पाखरांची न्याहारी उरकून गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला एक नर खाली आला. चित्रापेक्षा लहान होता. चित्रात मान हिरवी होती, इथे ऊन पडलं तशी ती हिरवी, जांभळी, पुन्हा हिरवी व्हायची, आणि चोच अगदी साहेबांनी सांगितली तशी, कोयत्यासारखी. तो वाकडीच्या फांदीवर बसला. भुंग्याने श्वास रोखला. ते त्याला सवयीचं होतं. पक्ष्याने मान तिरकी केली आणि चोच फुलात घातली.

एकतीस वर्षं ज्यासाठी घालवली ते डोळ्यांसमोर होतं. डोळे भरून आले आणि मुलीचं बोलणं आठवलं, म्हणून त्याने ते पुसले नाहीत.

पक्ष्याने चोच लगेच काढली. दुसऱ्या फुलात घातली, काढली. तिसऱ्यात घातली. पुढे आलेले पराग त्याच्या कपाळापासून बोटभर लांब, एका बाजूला, हवेत लोंबत होते. त्याला ते लागलेही नाहीत. चौथ्या फुलापाशी त्याने नुसतं पाहिलं. मग फांदीवर चोच दोन्ही बाजूंनी पुसली, आणि खाणीच्या कडेला माजलेल्या घाणेरीच्या झुडपात जाऊन तिथली इवली इवली फुलं टोचत बसला. परत आला नाही. आणखी दोन आले, त्यांनी एकेक फूल तपासलं आणि गेले. रिकाम्या दुकानात कोण थांबतं!

मोजणीवाली उठली. पिशवीतून केसासारखी बारीक काचेची नळी काढून तिने एकेका फुलात घातली आणि उजेडात धरून पाहिली. वीस फुलं झाल्यावर तिने नळी पुसून ठेवून दिली. एकाही फुलात थेंब नव्हता.

"कडक ऊन पडलंय," ती म्हणाली. "कदाचित उद्या..."

"लाळगळ्या," भुंगा म्हणाला.

"काय?"

मग त्याने सांगितलं. चिकट पानं, काळी बुरशी, मुंग्या, खताचा खड्डा. हट्टी फुलं आणि शहाणी फुलं. कशाला दोरा बांधला आणि कशाला नाही. सांगता सांगता त्यालाच नीट दिसत गेलं, पायरी पायरीने, त्या खाणीसारखं. डोंगर खाणवाल्यांनी सुरुंग लावून पोखरला होता. वाकडी आतून पोखरायला त्याला एकतीस वर्षं लागली होती, ती पण हलक्या हाताने.

ती दगडावर बसली. मग अगदी हळू विचारलं, "काका, त्यातली एखादी कुठे राहिली असेल का? कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, कोणाच्या घरी दिलेली? एखादी जरी लाळगळी मिळाली ना, तर अजून काही करता येईल."

तिच्या आवाजातली आशा त्याला सोसवेना. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही बाई," तो म्हणाला. "एकही ठेवली नाही. मी कामात कच्चा नव्हतो."

तिसऱ्या दिवशी कोणीच खाली उतरलं नाही. दुपारी निघायचं होतं. सामान बांधून झाल्यावर मोजणीवालीला भुंगा दिसेना. तो वर रोपांत होता. खिशातला कुंचला काढून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फिरत होता, वाकून, श्वास रोखून, आणि सदऱ्याच्या खिशातून लाल दोरा काढून देठांना बांधत होता. डोक्यावरच्या झाडात पक्षी ओरडत होते. चाळीसही झाडं होईपर्यंत ती खाली उभी राहिली आणि तिने त्याला हाक मारली नाही.

घरी पोचायला त्याला सव्वापाचच झाले. दार उघडलं तेव्हा चहाला उकळी येत होती.

"आला का पक्षी?" मुलीने विचारलं.

"आला."

"मग?"

"गेला."

तिने पुढे काही विचारलं नाही. न विचारायची तिला सवय होती. कप त्याच्या उजव्या हाताला, कान त्याच्याकडे करून ठेवला, पंखा एकवर केला, कारण त्याला दोनवर सर्दी होते. भुंगा तिच्याकडे बघत होता. कानशिलावर पांढरे केस आले होते. कधी आले ते त्याला माहीत नव्हतं. तिचा हसण्याचा आवाज कसा होता ते त्याने आठवून पाहिलं. भिंतीपलीकडचे शेजारी आठवले, आवाज आठवला नाही.

"तुझं ते नर्सिंगचं..." तो म्हणाला. "अजून घेतात का गं?"

"छत्तिसाव्या वर्षी कोण घेतंय बाबा. चहा निवेल."

"राहिलं ते. दुसरं काही. तुला कुठे जावंसं वाटतं? काय करावंसं वाटतं? सांग, मी अडवणार नाही. मी आता घरीच असेन, माझं मी बघेन. तू फक्त सांग."

त्याचा आवाज असा फुटलेला तिने कधी ऐकला नव्हता. ती समोर बसली. बाबांनी मनापासून विचारलंय हे तिला कळलं, आणि तिनेही मनापासून उत्तर शोधलं. खिडकीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कप गार होईपर्यंत ती शोधत होती.

"खरं सांगू?" ती शेवटी म्हणाली. "काही सुचतच नाही हो बाबा."

भुंग्याने तोंड फिरवलं. भिंतीवर ते प्रशस्तिपत्र होतं. त्याला ते काढायचं होतं, पण तो उठला नाही.

तिला वाटलं, आपण बाबांना दुखावलं. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं म्हणून तिने कोनाड्यातून आईचा शिवणाचा डबा काढला, मलमलीचा तुकडा मांडीवर पसरला आणि सुई उजेडाकडे धरली.

"डोंगरावर फळं धरतील ना आता," ती म्हणाली. "पिशव्या किती शिवू?"